13 लाख 86 हजार मतं आणि तुंबलेलं गटार

22 मे 2022 रोजी बँकॉकने तब्बल नऊ वर्षांनी आपला गव्हर्नर मतदानाने निवडला. चत्चात सित्थिपन अपक्ष उभे होते. त्यांना 13 लाख 86 हजारांहून जास्त मतं पडली, म्हणजे निम्म्याहून अधिक. शहरातल्या 50 च्या 50 विभागांत ते पहिले आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येकी अडीच लाखांच्या आसपास मतं होती. 2013 मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून येताना सुखुमफन परिबत्र यांनी मिळवलेल्या साडेबारा लाख मतांचा विक्रमही या निकालात मोडला.

एवढा कौल देशाच्या राजकारणात सरकारं उलथवायला पुरतो. पण हे पद कसलं होतं? नाले उपसणं, कचरा उचलणं, फुटपाथ सरळ करणं, बागा राखणं, महापालिकेच्या 437 शाळा आणि काही रुग्णालयं चालवणं. पोलीस त्यांच्या हाताखाली नाहीत. शहर बस, भुयारी मेट्रो, वीज आणि पाणी ही सगळी केंद्र सरकारच्या वेगवेगळ्या संस्थांची खाती. या प्रकरणात मला रस आहे तो याच विसंगतीमुळे. प्रचंड मतं घेऊन आलेला माणूस तुटपुंज्या अधिकारांचं करतो काय?

पदाची कुंडली

थायलंडमध्ये 77 प्रांत धरले जातात. त्यांपैकी 76 प्रांतांचे गव्हर्नर गृहमंत्रालय नेमतं. लोक मतं देऊन निवडतात तो एकट्या बँकॉकचा. चाओ फ्राया नदीच्या दोन काठांवरचे फ्रा नखोन आणि थोनबुरी हे प्रांत 1971 मध्ये एकत्र केले आणि 1972 मध्ये आजची बँकॉक महानगर प्रशासन ही यंत्रणा उभी राहिली. पहिली निवडणूक 1975 मध्ये झाली, पण ती पद्धत टिकली नाही आणि पुन्हा नेमणुका सुरू झाल्या. 1985 च्या कायद्यानंतर निवडणूक परतली आणि चामलोंग श्रीमुआंग निवडून आले. पुढे तीस वर्षं हा क्रम चालला. 2014 च्या लष्करी उठावानंतर तो पुन्हा तुटला. 2016 मध्ये उठावाचे नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांनी लष्करी राजवटीच्या विशेषाधिकारात सुखुमफन यांना काढलं आणि निवृत्त पोलीस जनरल अस्विन क्वानमुआंग यांना बसवलं. 2022 च्या निवडणुकीत हेच अस्विनही उमेदवार होते, आणि मतदारांनी त्यांना बरंच मागे टाकलं.

आपल्याकडच्या वाचकाला हे पद समजायला थोडं अवघड जातं. आपल्या शहरांत महापौर मानाचा आणि कारभार आयुक्ताचा. बँकॉकच्या गव्हर्नरकडे लोकांची मतंही असतात आणि फायलीवरची सहीसुद्धा. त्याला कमी पडतं ते अधिकारक्षेत्र. (योगायोग असा की बँकॉकला निवडणूक परत मिळण्याच्या अडीच महिने आधी, मार्च 2022 मध्ये, मुंबई महापालिकेची मुदत संपून तिथं प्रशासक बसला होता.)

माणूस

चत्चात यांचा जन्म 24 मे 1966 चा, बँकॉकचाच. वडील पोलीस जनरल, राजधानीच्या पोलीस दलाचे माजी प्रमुख. जुळे भाऊ डॉक्टर, बहीण वास्तुशास्त्राची प्राध्यापक. थोडक्यात, घर प्रतिष्ठित. त्यांची लोकप्रियता समजून घेताना हे विसरून चालत नाही, कारण त्यांची प्रतिमा नेमकी उलटी आहे.

चुलालाँगकॉर्न विद्यापीठातून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पहिल्या श्रेणीत घेतली. आनंद महिदोल शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, एमआयटीतून पदव्युत्तर पदवी आणि इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विषय इमारतींच्या संरचनेचा. काही काळ एका मोठ्या वास्तुरचना कंपनीत अभियंता म्हणून काम केलं आणि मग चुलालाँगकॉर्नमध्ये परत येऊन शिकवायला लागले. विद्यापीठाच्या मालकीच्या जमिनी आणि मालमत्तांचा कारभारही त्यांनी सांभाळला. बँकॉकच्या ऐन मध्यात विद्यापीठाच्या केवढ्या जमिनी आहेत हे पाहिलं, की ही जबाबदारी एका छोट्या नगरपालिकेएवढीच होती असं म्हणावं लागतं.

2012 मध्ये यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारात ते आधी परिवहन राज्यमंत्री आणि मग परिवहनमंत्री झाले. मंत्री असून बसने, तिसऱ्या वर्गाच्या रेल्वे डब्यातून फिरायचे. सुरिन प्रांतात एकदा काळा बिनबाह्यांचा बनियन, हाफ पँट, अनवाणी पाय आणि हातात भिक्षूंना द्यायच्या अन्नाची पिशवी अशा वेशात देवळाकडे चाललेल्या त्यांचा फोटो पसरला. थाई इंटरनेटने त्यांना ‘पृथ्वीवरचा सर्वांत बलदंड मंत्री’ करून टाकलं. त्या फोटोच्या इतक्या विडंबनचित्रांचा पूर आला, की कोट्यवधींची प्रचारमोहीम राबवूनही एखाद्याला एवढी ओळख मिळाली नसती.

त्यांचं खरं काम मात्र त्या फोटोत नव्हतं. 2 लाख कोटी बाटची (बाट म्हणजे थाई चलन) रेल्वे आणि वाहतूक सुधारणा योजना त्यांच्या खात्याची होती. दुहेरी लोहमार्ग, जलद रेल्वे, सगळं एका कर्जाच्या विधेयकात घातलेलं. घटना न्यायालयात सुनावणीला ते स्वतः उभे राहिले. देशातले मातीचे रस्ते आधी संपवा, मग जलद रेल्वेचं बघा, अशा अर्थाचा शेरा एका न्यायाधीशांनी मारला आणि तो पुढे वर्षानुवर्षं थट्टेचा विषय झाला. मार्च 2014 मध्ये न्यायालयाने विधेयक घटनाबाह्य ठरवलं. दोन महिन्यांनी, 22 मे 2014 रोजी, विभावदी रस्त्यावरच्या लष्करी क्लबमध्ये सर्व पक्षांची बैठक चालू असताना प्रयुत यांनी सत्ता हाती घेतल्याचं जाहीर केलं. सरकारच्या बाजूने बैठकीला आलेल्यांना तिथूनच ताब्यात घेण्यात आलं. चत्चात त्यांच्यात होते.

ते गव्हर्नर म्हणून निवडून आले ती तारीखही 22 मे. बरोबर आठ वर्षांनंतरची. त्या रात्री थाई समाजमाध्यमांवर हा योगायोग कोणी सोडला नाही.

मधल्या काळात ते एका मोठ्या गृहबांधणी कंपनीचे प्रमुख होते. 2019 च्या सार्वत्रिक निवडणुकीत यिंगलक यांच्या फ्युथाई पक्षाने पंतप्रधानपदासाठी जी तीन नावं दिली त्यात एक त्यांचं होतं. पण त्याच वर्षी त्यांनी जाहीर केलं, की बँकॉकची निवडणूक आपण अपक्ष लढवणार. निवडणूक कधी होणार हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत हुशार निर्णय हाच. फ्युथाईचा शिक्का घेऊन बँकॉक जिंकणं अवघड होतं. ‘लाल’ (माजी पंतप्रधान थक्सिन शिनावात्रा यांचे समर्थक) आणि ‘पिवळे’ (त्यांचे विरोधक) या दोन छावण्यांत हे शहर दीड दशक फाटलेलं होतं आणि राजधानीचा मध्यमवर्ग थक्सिन यांच्या नावाने बिचकायचा. अपक्ष उभं राहिल्यावर लाल मतदार हातचा गेला नाही आणि पिवळ्यालाही मत द्यायला लाज वाटली नाही.

तीन वर्षांची तयारी

निवडणुकीची तारीख पडेपर्यंत त्यांनी ‘चत्चातचे मित्र’ या नावाने स्वयंसेवकांचा गट बांधला आणि वस्त्यावस्त्यांतून फिरून दोनशेहून जास्त योजनांची यादी तयार केली. त्या यादीत उड्डाणपूल शोधायला गेलं तर निराशा होते. एक हजार किलोमीटर फुटपाथ, चालत पोचता येईल अशी छोटी बाग, रस्त्यावरचे दिवे, शाळेतलं जेवण, परवान्यांचे अर्ज ऑनलाइन अशी कामं. ते म्हणायचे, शहराच्या मोठ्या धमन्यांवर सगळ्यांनी पैसा ओतला, केशवाहिन्यांकडे कोणी बघितलं नाही. मोठा रस्ता चकाचक आणि गल्लीतलं गटार तुंबलेलं, हे बँकॉकच्या प्रत्येक माणसाने पाहिलेलं आहे. त्यामुळे ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही.

प्रचाराचे फलकसुद्धा या विचाराला धरून होते. बँकॉकच्या फुटपाथवर निवडणुकीच्या दिवसांत फलकांमुळे चालता येत नाही, म्हणून यांचे फलक अरुंद. आणि व्हिनाइलवर पिशवी आणि एप्रनच्या शिलाईच्या खुणा आधीच छापलेल्या, म्हणजे निवडणूक संपली की कापून शिवून टाका. निकालानंतर लोक ते फलक मिळवायला धावले.

प्रतिस्पर्धी लेचेपेचे नव्हते. डेमोक्रॅट पक्षाचे सुचत्वी सुवन्नसवात हेही एमआयटीत शिकलेले स्थापत्य अभियंते. त्यांचा जोर पुरावर आणि भुयारी कामांवर होता. मूव्ह फॉरवर्ड या सुधारणावादी पक्षाचे विरोत लक्खनअदिसोन यांची भाषा सत्तेवाल्यांशी भिडायची. लष्कर, बड्या मक्तेदार कंपन्या, कोणालाही. चत्चात कोणाशी भिडायचं नाव काढत नव्हते. त्यांचा एकच मंत्र होता, ‘काम, काम, काम’. पुढच्याच वर्षी, मे 2023 च्या सार्वत्रिक निवडणुकीत, मूव्ह फॉरवर्डने बँकॉकच्या 33 पैकी 32 जागा जिंकल्या. म्हणजे याच मतदारांना देशासाठी भिडणारा पक्ष हवा होता आणि गल्लीसाठी न भिडणारा माणूस. दोन्ही मतं एकाच डोक्यातून निघू शकतात.

तक्रारीचा रस्ता

1 जून 2022 रोजी ते कामाला लागले तेव्हा तिजोरीत आधीच्या प्रशासनाचा अर्थसंकल्प होता. नगरसभेच्या 50 जागांत फ्युथाईच्या 20, मूव्ह फॉरवर्डच्या 14, डेमोक्रॅटच्या 9 आणि बाकीच्या इतरांच्या. गव्हर्नरचा स्वतःचा असा एकही नगरसेवक नव्हता, आणि पैसा खर्च करायचा तर नगरसभेची मंजुरी हवी. पहिल्या वर्षी नवीन मोठं काम काढायला वावच नव्हता.

या अडचणीतून जे निघालं ते या प्रकरणाचं सर्वांत शिकण्यासारखं अंग आहे. थायलंडच्या राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक तंत्रज्ञान केंद्राने ट्रॅफी फाँड्यू नावाची तक्रार प्रणाली आधीच बनवून ठेवली होती. काही छोट्या स्थानिक संस्था ती वापरतही होत्या. ती फुकट होती आणि तिच्यासाठी निविदाही काढावी लागणार नव्हती. चत्चात यांनी सगळं शहर तिच्यावर आणलं. नागरिकाने लाइन या संदेश-अ‍ॅपवर खड्ड्याचा फोटो पाठवायचा, जागा दाखवायची. प्रणाली तक्रारीचा प्रकार ओळखते आणि थेट संबंधित विभागाकडे ढकलते. आली, चालू आहे, झाली, ही स्थिती सगळ्यांना उघड दिसते. काम झालं असं खात्याने कळवलं तरी नागरिक समाधानी नसेल तर तक्रार पुन्हा उघडतो. काही महिन्यांत तक्रारी लाखावर गेल्या आणि पुढे काही लाख झाल्या.

तंत्रज्ञान म्हणून यात फार मोठं काही नाही. बदललं ते कचेरीतलं वजन. थाई नोकरशाहीत कनिष्ठ अधिकारी वरच्याच्या तोंडाकडे बघतो. तक्रार अर्जाच्या रूपात आली तर ती शिक्के घेत वर चढते आणि आदेश होऊन परत खाली उतरते. इथे ती वर चढलीच नाही. कोणता विभाग किती वेळात किती तक्रारी निकाली काढतो याचा हिशेब सर्वांसमोर लागला आणि विभागप्रमुखांची खरी परीक्षा तिथे होऊ लागली. चत्चात स्वतःही म्हणत राहिले, की गव्हर्नरने आदेश न देता काम होतं हेच याचं यश.

यात एक मेख आहे. ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे आणि तक्रार केली तर काही होईल असा विश्वास आहे, त्याचाच खड्डा आधी बुजतो. ख्लोंगच्या, म्हणजे कालव्याच्या, काठावरच्या वस्तीतल्या म्हातारीचा नाही. शिवाय अशा प्रणालीत दिसणारं काम दिसतं आणि न दिसणारं आणखी अदृश्य होतं. निकाली निघालेल्या तक्रारींचे आकडे छान वर चढत असताना तीच तक्रार त्याच जागी पुन्हा का येते, हे आकडा सांगत नाही.

सोबतीला रोजचं दर्शन होतंच. पहाटे धावता धावता फेसबुकवर थेट प्रक्षेपण, वाटेत दिसलेल्या उघड्या चेंबरवर टिप्पणी, भर पावसात पंपाच्या केंद्रावर हजेरी. सुरुवातीच्या महिन्यांत उद्यानांत आणि चौकांत मोफत सिनेमे झाले. निदर्शनांसाठी सात जागा ठरवून दिल्या, त्यातली एक थेट महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोरच्या पटांगणात. याच परिसरात मोठा झोपाळा उभा आहे आणि शेजारी राजदरबारी ब्राह्मणांचं देवस्थान. पहिल्या आठवड्यातच प्राइड मिरवणुकीत ते सामील झाले. हे सगळं स्वस्तातलं राजकारण म्हणणारे म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. नेमलेल्या प्रशासकांच्या वर्षांनंतर शहराचा प्रमुख रस्त्यावर भेटतो, हाच मतदारांना हवा असलेला बदल होता.

सप्टेंबर 2022 च्या पावसाने पहिली कसोटी घेतली. पूर्वेकडचं लाट क्राबांग कित्येक दिवस पाण्याखाली होतं. साडेसहा हजार किलोमीटरच्या भूमिगत गटारांतला गाळ काढायला तुरुंग खात्याशी करार करून कैद्यांना लावलं होतं, पंप होते, बोगदे होते. पण खालच्या भागातलं पाणी बोगद्यापर्यंत पोचलंच नाही तर बोगदा काय करणार? इथे केशवाहिन्यांचा सिद्धान्त खरा ठरला आणि तो राबवायला किती वर्षं लागतात हेही उघड झालं.

जुनी धमनी, नवं बिल

मोठ्या कामांपासून लांब राहू म्हटलं तरी ती मागे येतात. बीटीएस ही उन्नत रेल्वे 1999 मध्ये सुरू झाली. ती चालवून भाडं घेण्याचा कंपनीचा मूळ सवलत-करार 30 वर्षांचा, म्हणजे 2029 पर्यंत. पुढे हा हिरवा मार्ग शहराच्या हद्दीबाहेर, समुत प्राकान आणि पथुम थानीपर्यंत वाढवला. गाड्या चालवायचं कंत्राट मात्र 2042 पर्यंतचं झालं. नव्या टप्प्यावर कित्येक वर्षं तिकीटच नव्हतं, आणि गाड्या चालवल्याचे पैसे कंपनीला दिले जात नव्हते. प्रयुत यांच्या राजवटीत तोडगा असा सुचवला गेला, की महापालिकेची थकबाकी कंपनीने गिळावी, भाडं 65 बाटपर्यंत मर्यादित ठेवावं आणि त्या बदल्यात सवलत-करार 2059 पर्यंत न्यावा. मंत्रिमंडळात यावरून भांडण झालं आणि प्रश्न लोंबकळत राहिला.

चत्चात यांनी सवलत-करार वाढवायला सही केली नाही. हा त्यांच्या काळातला मोठा राजकीय निर्णय, आणि तो ‘न करण्याचा’ आहे. पण कर्ज काही न करून फिटत नाही. जानेवारी 2024 मध्ये वाढीव टप्प्यावर 15 बाट तिकीट सुरू झालं. त्याच वर्षी यंत्रसामग्रीच्या थकबाकीपोटी सुमारे 2,300 कोटी बाट नगरसभेच्या मंजुरीने दिले गेले. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने गाड्या चालवल्याच्या खर्चापोटी आणखी सुमारे 1,175 कोटी बाट आणि त्यावर व्याज द्यायला सांगितलं. शहराचा वर्षाचा सगळा अर्थसंकल्प 2023 साली 7,900 कोटी बाटच्या आसपास होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या दोन आकड्यांनी किती फुटपाथ गिळले ते कळतं. करार ज्यांनी केले ते केव्हाच पायउतार झाले होते.

त्याच सुमाराला महापालिकेच्या क्रीडा केंद्रांसाठी सुमारे साडेसात लाख बाटला एक या दराने ट्रेडमिल घेतल्याचं भ्रष्टाचारविरोधी कार्यकर्त्यांनी उघड केलं. चौकशी लागली, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. प्रामाणिक म्हणून निवडून आलेल्या गव्हर्नरला हे जास्त झोंबलं असणार. तक्रारींची प्रणाली रस्त्यावरचा खड्डा दाखवते, खरेदीच्या फायलीतला दाखवत नाही.

हादरा

28 मार्च 2025 च्या दुपारी म्यानमारमध्ये 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदू हजार किलोमीटरवर, पण बँकॉक मऊ चिकणमातीवर उभं आहे आणि लांबून येणारे संथ हादरे अशी माती वाढवून देते. चातुचाक भागात राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम चालू असलेली तीसहून जास्त मजल्यांची इमारत काही क्षणांत बसली. ढिगाऱ्याखाली मजूर अडकले.

आयुष्यभर इमारतींच्या संरचनेचा अभ्यास केलेला माणूस त्या दिवशी शहराचा प्रमुख होता, हा बँकॉकचा नशिबाचा भाग. बचावकार्याचं नेतृत्व महापालिकेने केलं. उपगव्हर्नर थविदा कमोलवेज या आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक, त्या रोज पत्रकारांसमोर येत राहिल्या. घरी परतता न येणाऱ्यांसाठी बागा रात्रभर उघड्या ठेवल्या. पुढचा प्रश्न दहशतीचा होता. उंच इमारतींत राहणाऱ्या लाखो लोकांना भिंतीतली भेग प्लास्टरची आहे की खांबाची, हे कोण सांगणार? तेव्हा तीच तक्रार प्रणाली कामाला आली. लोकांनी भेगांचे हजारो फोटो पाठवले आणि स्वयंसेवक अभियंत्यांनी ते चाळून धोक्याच्या इमारती वेगळ्या काढल्या. हे पूर्वतयारीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोकांना फोटो पाठवायची सवय लागलेली होती, एवढंच.

पण इमारत केंद्राच्या संस्थेची, कंत्राट केंद्राचं आणि दोष कोणाचा याचा तपास पोलिसांकडे. सप्टेंबर 2025 मध्ये सामसेन रस्त्यावर वचिरा रुग्णालयासमोर रस्ता खचून प्रचंड खोल खड्डा पडला तेव्हाही हीच गत झाली. रुग्णालय शहराचं, शेजारचं पोलीस ठाणं राष्ट्रीय पोलिसांचं, फुटलेली जलवाहिनी पाणी प्राधिकरणाची आणि खाली चाललेला मेट्रोचा बोगदा आणखी एका केंद्रीय प्राधिकरणाचा. घटनास्थळी पोचला आणि कॅमेऱ्यासमोर उत्तरं देत राहिला तो गव्हर्नर.

‘भिडत नाही’ हा चत्चात यांच्यावरचा सर्वांत जुना आक्षेप, आणि मला तो अर्धाच पटतो. खात्यांच्या भिंतींवर डोकं आपटून वर्षं घालवण्यापेक्षा हातात आहे ते नीट करणं व्यवहाराला धरून आहे. जानेवारी 2025 मध्ये धुरक्याने शहर कोंडलं तेव्हा त्यांनी 352 शाळा बंद ठेवल्या, कारण शाळा त्यांच्या होत्या. शेतात जाळला जाणारा ऊस आणि भात आणि रस्त्यावरची जुनी डिझेल वाहनं मात्र मुख्यतः त्यांच्या हातात नव्हती. पण 13 लाख 86 हजार मतांचं वजन कायदा बदलायला, 1985 च्या त्या जुन्या चौकटीत बदल करा म्हणून संसदेवर दबाव आणायला वापरता आलं असतं. त्यांनी ते वजन मुख्यतः आपल्याच कर्मचाऱ्यांवर वापरलं.

लोकांवर त्यांनी ते फार उशिरा टाकलं. बँकॉकमध्ये रोज सुमारे नऊ-दहा हजार टन कचरा गोळा होतो आणि घरामागे महिन्याला 20 बाट एवढंच शुल्क होतं. ऑक्टोबर 2025 पासून ते 60 बाट झालं. जे घर ओला कचरा वेगळा काढतं, तशी नोंदणी करतं आणि पुरावा म्हणून फोटो पाठवतं, त्याला जुनेच 20 बाट. तीन वर्षं नागरिक फोटो पाठवत होते आणि महापालिका उत्तर देत होती. या नियमाने पहिल्यांदाच महापालिका नागरिकाच्या कचऱ्याच्या डब्याचा फोटो मागू लागली.